उजेड ऐकणारे सर

लातूरला आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात भर दुपारी एक गृहस्थ लाल चष्मा घालून बाकावर बसलेले असायचे. चष्मा घरीच केलेला. गॉगलच्या काचा काढून त्या जागी लाल जिलेटीनचे दोन थर, आणि कडेनं ऊन शिरू नये म्हणून काळी चिकटपट्टी. हात मांडीवर, मान ताठ, गालात लवंग. नव्या पोरांना वाटायचं, सरांचे डोळे आले असतील. कुणी विचारलं तर ते शांतपणे सांगायचे, "डोळ्यातला उजेड निथळून राहिलो. अर्धा तास लागतो. बस, तू बी बस."

बहुतेक जण हसून निघून जात. मी बसले, आणि अडीच वर्षं उठले नाही.

मी हदगावहून नुकतीच आले होते. मावशीकडं राहत होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना झुरळं-बेडूक कापायला शिकवायची तात्पुरती नोकरी होती आणि दुपार रिकामी असायची. त्या दिवशी अर्ध्या तासानं सर उठले, लाकडी पट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि मला जिन्याखालच्या खोलीत नेलं. पूर्वी तिथं खेळाचं सामान ठेवत. सरांनी खिडकी विटांनी बुजवून घेतली होती. दाराच्या आत आणखी एक दार, दोन्हींच्या मधे काळ्या कापडाचा पडदा. ते कापड त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आपांच्या, जुन्या बुरख्यांचं होतं, हे मला नंतर कळलं. आत कोपऱ्यात, निथळलेल्या डोळ्यांना जेमतेम पुरेल असा एक मिणमिणता लाल दिवा होता, तोही त्यांनी बंद केला.

"आता ऐक," ते म्हणाले.

अंधारात कुठंतरी 'टक' असा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एकदा टक. जुन्या रेडिओच्या भोंग्यातून येत होता. सरांनी काहीतरी केलं, झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि टक-टक हळूहळू वाढू लागली. दहा मिनिटांत ती एवढी झाली की खापरात जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात.

"हे काय आहे सर?"

"माझं रक्त," सर म्हणाले. "जेवून राहिलं."

सरांचं घराणं उदगीरचं. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. अंधारात हात कसे चालवायचे, हे सर त्यांच्याकडून वयाच्या सातव्या वर्षी शिकले होते. पुढं ते प्राणिशास्त्र शिकले, लातूरला शिकवायला लागले, लग्न केलं नाही, आणि विधवा आपांबरोबर दोन खोल्यांत राहिले. पगारातून त्यांनी दोनच गोष्टींचा शौक केला. लवंगा आणि ते यंत्र. हैदराबादच्या जुन्या बाजारात, भंगारात निघालेल्या कुठल्यातरी उपकरणातून त्यांना एक काचेची नळी मिळाली होती. तिच्यावर उजेडाचा एखादा कण पडला तरी ती विजेचा धक्का देते. तो धक्का वाढवून त्यांनी भोंग्याला जोडला होता. पत्र्याचा डबा आतून काळा रंगवून त्यात ही नळी बसवली होती. शहरातली लाइट यायची-जायची आणि आवाजात खरखर आणायची, म्हणून सगळं ट्रकच्या बॅटरीवर.

उजेड इतका बारीक होता की डोळ्याला दिसणं शक्य नव्हतं. म्हणून सरांनी तो ऐकायची सोय केली होती.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला जे समजावलं, ते पुढं मी आयुष्यभर दुसऱ्यांना समजावत आले, पण त्यांच्यासारखं मला कधी जमलं नाही. ते म्हणायचे, "रक्तात पांढऱ्या पेशी असत्यात. पहारेकरीच समज. जंतू दिसला की गिळत्यात. पण गिळून काम संपत न्हाई, आत त्याला जाळावा लागतो. त्यासाठी ती पेशी ऑक्सिजनला बिथरवती. आपण श्वासात घेतो तो गरीब असतो बेटा. हा बिथरलेला. ज्याला शिवंल त्याला जाळतो. त्या जळण्यात इवलासा उजेड पडतो."

पुस्तकात त्याला 'क्रियाशील ऑक्सिजन' म्हणतात. सर कधी तसं म्हणाले नाहीत. त्यांचा तो बिथरलेलाच.

हा उजेड वाढवायला ल्युमिनॉल नावाची पिवळसर पूड लागायची. ती ते तपकिरी बाटलीत, बाटली कापडात आणि कापड कुलपात ठेवत. आणि पेशींना खायला घालायला जंतू कुठून आणायचे? तर गंजगोलाईच्या मागं सरांच्या दोस्ताची बेकरी होती, तिथून पावाचं खमीर यायचं. ते उकळून, मारून, धुऊन, पेशींसमोर ठेवायचं. सर त्या खमिराला पाव्हणे म्हणत. "चल, पाव्हणे वाढ," म्हणाले की मी थेंब सोडायचा.

त्या खोलीत शिरायचे नियम होते. रेडियमचं घड्याळ बाहेर. चमकीची टिकली बाहेर. कपडे पांढरे करणाऱ्या पावडरीत धुतलेला शर्ट असेल तर माणूसच बाहेर, कारण उन्हातून आलेला तसला कपडा अंधारात थोडा वेळ मिणमिणतो, आणि सरांचं यंत्र त्यालाही मोजायचं. मला त्यांनी आधी कानातले काढायला लावले, मग बांगड्या, मग एकदा नखांकडं संशयानं बघितलं. "न्हाई सर, रंग लावला न्हाई," मी म्हणाले. तरी त्यांनी माझी बोटं यंत्रासमोर धरून पाच मिनिटं ऐकलं.

रक्ताचं तर विचारूच नका. कॉलेजात कुणीही आलं, लग्नपत्रिका द्यायला, पंख्याची दुरुस्ती करायला, विम्याचं सांगायला, की सर नम्रपणे उभे राहून म्हणायचे, "फक्त दोन मिली." प्राचार्य त्यांना बघून वाट बदलत. स्वतःच्या हातावर तर इतक्या सुया होत्या की एकदा पोलिसानं त्यांना बसस्टँडवर अडवून बाही वर करायला लावली होती. सरांनी त्याला सगळं शास्त्र सांगितलं आणि शेवटी त्याचेही दोन मिली घेतले.

दोन गोष्टींवर मात्र ते कडक होते. पहिली, आधी कोरी नळी. रोज, कितीही घाई असो, रक्त न घातलेली नळी आधी यंत्रात जायची आणि तिचे ठोके मोजायचे. ती शांत निघाली की सर हलक्या आवाजात "माशाल्ला" म्हणत. दुसरी गोष्ट त्यांनी मला माझ्या पहिल्या यशाच्या दिवशी शिकवली. माझ्या हातून पहिल्यांदा नीट प्रयोग झाला होता, भोंगा धो धो वाजत होता, आणि मी अंधारात टाळ्या वाजवल्या.

"खुश होऊ नको," सर म्हणाले. "उजेड तर कशानं बी पडतो. आता विझवून दाखव."

बिथरलेल्या ऑक्सिजनला निववणारी द्रव्यं असतात. ती घातल्यावर ठोके पडले पाहिजेत, तरच तो उजेड त्या ऑक्सिजनचा. मी त्यातलं एक घातलं. ठोके पडले नाहीत. नळी धुताना राहिलेल्या कशाचा तरी तो उजेड होता. मी रडवेली झाले. सरांनी खिशातून लवंग काढून अंधारात माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "आज तू खोटा उजेड वळखला. लई लोकांचं आयुष्य जातं, त्यांना वळखू येत न्हाई."

मग भूकंप झाला. पहाट व्हायची होती. मावशीच्या घरातली भांडी पडली, आम्ही रस्त्यावर आलो, आणि सकाळ होता होता दक्षिणेकडून जीप, ट्रक, ट्रॅक्टर येऊ लागले. त्यांत काय होतं ते मी लिहीत नाही. दहाच्या सुमारास मी कॉलेजात गेले. मला वाटलं, सर यंत्र बघायला आले असतील. खोलीला कुलूप होतं. सर सापडले सरकारी दवाखान्याच्या आवारात.

ते जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. हातात काचेच्या नळ्यांवर लिहायची आमची पेन्सिल. बेशुद्ध माणसं येत होती आणि त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. सर प्रत्येकाच्या बरोबर आलेल्याला, नाहीतर ट्रक चालवणाऱ्याला विचारून, बँडेजवर, प्लास्टरवर, काहीच नसेल तर हातावर लिहीत होते. नाव. गाव. कुठल्या गल्लीत सापडला. काहीच कळलं नाही तर नेसूच्या कपड्याचा रंग. मला बघून त्यांनी पेन्सिलीचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला. तीन दिवस आम्ही तेवढंच केलं. नंतर नातेवाईक शोधत आले तेव्हा त्या अक्षरांवरून किती जणांना आपली माणसं सापडली, हे मोजायला कुणाला सवड नव्हती.

त्या दिवसांपासून दवाखान्यातल्या एक डॉक्टरीणबाई सरांना ओळखू लागल्या. सहा-सात आठवड्यांनी त्या स्वतः कॉलेजात आल्या.

"सर, एक मुलगी आहे. सात वर्षांची. पायावर भिंत पडली होती, जखम काही मिटत नाही. तिच्या शेजारच्या खाटांवरच्या म्हाताऱ्या बऱ्या होऊन गेल्या. आता मानेत गाठ आलीय. सगळी औषधं करून बघितली. तुम्ही रक्ताचं काहीतरी बघता ना?"

सर लगेच उठले. आम्ही गेलो तेव्हा मुलगी खाटेवर बसून सलाइनच्या रिकाम्या बाटलीत हरभरे टाकत होती. शेजारी तिची आई. नवरा आणि थोरला मुलगा त्या पहाटे गेले होते. ह्या दोघीच अंगणात झोपल्या होत्या म्हणून राहिल्या.

"आधी बी अशी गळवं व्हायची का हिला?" सरांनी विचारलं.

"जलमल्यापासून हाय सर," आई म्हणाली. "एक फुटतं, दुसरं येतं." मग खाली बघून म्हणाली, "समदे म्हणत्यात, माझीच नजर लागती. सासू मला हिला जेवू घालू देत नव्हती. आता तर म्हणत्यात, समद्या घरालाच लागली."

सरांनी सुई काढली. दोन मिली घेतले.

दुपारी आम्ही लाल चष्मे घालून बसलो, मग आत गेलो. कोरी नळी: शांत. माझं रक्त, पाव्हणे वाढले: लाह्या. मुलीचं रक्त ठेवलं. पाव्हणे वाढले. पाच मिनिटं. दहा. वीस. टक. मग काही नाही. टक. कोऱ्या नळीसारखंच.

"यंत्र खोड्या करून राहिलं," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त आणलं. या वेळी सरांनी मला सांगितलं, "कुठली नळी कुणाची, हे मला सांगू नको. खुणा तूच कर, तुझ्याजवळ ठेव. माझं मन पोरीकडं झुकून राहिलं. झुकलेल्या मनाला काही बी ऐकू येतं." मी सहा नळ्यांवर माझ्या खुणा केल्या. एक माझी, एक सरांची, एक शिपाईमामांची, एक आईची, दोन मुलीच्या. सर अंधारात एकेक ऐकत गेले. चौथी ऐकून म्हणाले, "ही." सहावी ऐकून म्हणाले, "आन ही."

दोन्ही तिच्याच होत्या.

तिसऱ्यांदा, आठवड्यानं, पुन्हा तेच. तिच्या पेशी खमीर गिळत होत्या, ते सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसत होतं. पहारेकरी होते, पाव्हणे पोटात गेले होते. जाळ मात्र पेटत नव्हता. सर अंधारात स्टुलावर बसून राहिले. मी दार उघडू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "थांब जरा." बऱ्याच वेळानं म्हणाले, "सात वर्षं ही पोरगी या शांततेत जगली बेटा. कुणी ऐकलंच न्हाई."

असा जन्मजात आजार असतो, हे त्यांनी वाचलं होतं. बघितला कधीच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या मोठ्या दवाखान्याला पत्र लिहिलं आणि मायलेकींना तिकडं पाठवलं. महिन्यानं उत्तर आलं. आजार तोच होता. उपाय अगदी साधा होता: जंतुनाशकाची एक गोळी, रोज, न चुकता, जन्मभर. आणि जुना कडबा, ओली गंजी, उकिरडा, पडक्या घरांची माती यांपासून लांब राहायचं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधे राहणाऱ्या माणसाला मातीपासून लांब राहा म्हणणं सोपं नव्हतं. सर स्वतः गेले आणि शेडच्या ज्या बाजूला ढिगारे नव्हते, त्या टोकाची खोली मिळेपर्यंत पुनर्वसनाच्या साहेबांच्या टेबलासमोरून हलले नाहीत. साहेबांचं रक्त घेतलं की नाही, ते मला माहीत नाही.

आई लातूरला गोळ्या न्यायला आली तेव्हा सरांनी तिला सगळं समजावलं. हा दोष जन्मतःच असतो, यात कुणाचा कसूर नाही.

"म्हंजी माझी नजर न्हवं?" तिनं विचारलं.

"न्हाई बाई."

ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सर, हे लिहून देता का?"

सरांनी कॉलेजच्या नावाचा कागद घेतला. वळणदार अक्षरात लिहिलं की या मुलीच्या रक्ताची तपासणी तीन वेळा केली आहे, आजाराचं कारण तिच्या पांढऱ्या पेशींत आहे, आईच्या नजरेशी त्याचा काही संबंध नाही. खाली सही केली. ती म्हणाली, "शिक्का बी मारा." सर प्राचार्यांच्या केबिनमधून गोल शिक्का घेऊन आले आणि मारला. पुढं तिनं तो कागद पत्र्याच्या शेडमधे, देवांच्या तसबिरींशेजारी लावला होता. मी स्वतः बघितला.

सरांनी सही-शिक्क्यानिशी जाहीर केलेला निष्कर्ष, माझ्या माहितीत, हा एकच. संक्रांतीच्या आत जखम मिटली. मुलगी वाढली, शाळेत गेली, आणि आज ती तिच्याच गावात अंगणवाडी चालवते, हे मला खात्रीनं माहीत आहे.

डॉक्टरीणबाई म्हणत होत्या की हे छापा. सर म्हणाले, छापू, पण आधी त्याच गावातली, त्याच वयाची, त्याच धुळीत राहिलेली वीस निरोगी मुलं तपासायची. "त्या धुळीनंच पेशी मंदावत न्हाईत कशावरून? वीस पोरांच्या पेशी नीट वाजल्या, की मग म्हणू." ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मुलांच्या आया सुईला भीत. मी बसनं जायची, ओसरीवर बसायची, आधी स्वतःचं रक्त काढून दाखवायची. अकरा मुलं झाली. अकराही लाह्यांसारखी वाजली.

तोवर लातूर बदललं होतं. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागू लागले. उदगीर, अहमदपूर, थेट परभणीकडून आईबाप ट्रंका घेऊन उतरत. ज्याच्या घरात एक खोली जास्त त्यानं तिथं सहा मुलं ठेवली. पहाटे पाचला सायकलींची रांग लागे आणि गल्ल्यांतून डबे फिरत. एका क्लासवाल्यांनी सरांनाही जीवशास्त्र शिकवायला बोलावलं. मोठ्या मानानं स्कूटरवर घेऊन गेले.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: कसं कळलं? आणि पेशी ऑक्सिजन वापरते हे माणसाला मुळात कळलं कसं, ते सांगायला लागले. तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "सर, हे परीक्षेला येतं का?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "न्हाई."

दोनशे वह्या एकदम मिटल्या. सर म्हणत, तो आवाज ते विसरू शकत नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी पहिल्या बाकाकडं दोन-दोन मिली मागितले, तेव्हा क्लासवाल्यांनी त्यांना तितक्याच मानानं स्कूटरवर परत आणून सोडलं.

मी मात्र गेले. आता जे सांगते ते मी फार जणांना सांगितलेलं नाही. माझं लग्न नांदेडला ठरलं होतं आणि तिथल्या एका नव्या क्लासमधे शिकवायला ये म्हणून बोलावणं आलं होतं. घरचे खुश होते. पण ही सगळी मी पुढं लोकांना सांगायचे ती कारणं. खरं कारण असं की मला कंटाळा आला होता. रोज ती कोरी नळी, रोज तो अंधार. एक दिवस मी बाहेर उन्हात उभी होते आणि मला आत जाववेना. मी रजेचा अर्ज शिपाईमामांच्या हातात दिला आणि घरी गेले. सरांना तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. अर्जात मी चार दिवस लिहिले होते.

क्लासमधे मला जमलं. मी पटपट बोलायची, पोरं पटपट लिहायची. चारशे-चारशे मुलांपुढं माइक धरून उभी राहायची. 'क्रियाशील ऑक्सिजन' एका ओळीत सांगून पुढं जायची. वर्षं गेली. कॉलेजनं सरांची खोली सकाळच्या जादा तुकडीसाठी घेतली, बुजवलेली खिडकी फोडली, असं कुणीतरी सांगितलं. सर निवृत्तीच्या आधीच यंत्र मांडीवर घेऊन एस.टी.नं उदगीरला गेले, असंही. मी "अरे अरे" म्हणाले आणि पुढच्या बॅचला गेले.

पण कधी कधी, वीज गेली आणि हॉलमधे एकदम काळोख झाला की पोरं ओरडायची, आणि मी मात्र माइक खाली करून गप्प उभी राहायची. मला वाटायचं, आता कुठूनतरी 'टक' ऐकू येईल. ती दुपार पुन्हा मिळावी, नुसतं बाकावर बसून डोळे निथळावेत, एवढ्यासाठी जीव तुटायचा. कुणाला सांगणार? नवऱ्याला एकदा सांगितलं तर म्हणाला, "मग जाऊन ये की एक दिवस." तेवढं सोपं होतं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

मग, वीस-बावीस वर्षांनी, लातूरहून नांदेडला परत येताना आमची बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली. मी पाणी घ्यायला उतरले आणि उदगीरच्या फलाटावर सर बसलेले दिसले. केस सगळे गेले होते. मान तशीच ताठ, गालात लवंग. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला एका क्षणात ओळखलं.

"ये बेटा. बस."

मी बसले. त्यांनीच विचारलं, काय करून राहिली, मुलंबाळं किती. मी सांगितलं. त्यांना सगळं ऐकून खरंच बरं वाटलं, हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यानं मला जास्त लाज वाटली. माझ्या कंडक्टरनं घंटी वाजवली.

"जा, गाडी सुटून राहिली."

"जाऊ द्या तिला," मी म्हणाले. माझी बॅग गाडीत होती. ती नांदेडला गेली आणि दुसऱ्या दिवशी मिळाली. "सर, तुम्हाला माझा राग आला असेल."

सरांनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली. "गेली त्याचा न्हाई आला. पोरी जात्यात, पोरं बी जात्यात. पण अर्जात चार दिवस लिहिले होते ना तू. पाचव्या दिवशी मी कोरी नळी लावून बसलो. आता येईल, मग आता येईल. लई दिवस बसलो."

मी स्टँडवर, एवढ्या लोकांत, रडले. सरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, यंत्र चालू आहे. अब्बांच्या स्टुडिओतल्या डार्करूममधे ठेवलंय, यंत्रातली काचेची नळी म्हातारी झालीय पण कोरी अजून स्वच्छ येते. नऊ पोरं राहिलीत.

"मी येते सर. परीक्षा संपल्या की रविवारी येते."

"कोणत्या परीक्षा?" सर म्हणाले आणि हसले. "तुमच्या परीक्षा कधी संपत असत्यात का?"

"संपवते. या महिन्यात शेवटच्या रविवारी येते. नक्की."

"मग आपाला सांगून ठेवतो," म्हणाले. उदगीरची गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडं बघत राहिले.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं मोठी सराव परीक्षा होती. मी ती दुसऱ्या कुणावर टाकून जाऊ शकले असते. गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र पहाटेची गाडी धरली. उदगीरला एक बेकरी शोधून खमीर घेतलं. विचारत विचारत किल्ल्याच्या वाटेवरचं ते घर सापडलं. वर स्टुडिओची पुसट पाटी होती.

दार एका खूप म्हाताऱ्या बाईनं उघडलं. आपा. मी त्यांना लातूरला दोन-तीनदाच बघितलं होतं. मी म्हणाले, सरांना भेटायचंय. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि सांगितलं की त्यांचा भाऊ गेल्या सोमवारी गेला. झोपेतच. त्रास काही झाला नाही.

मी उंबऱ्यापाशी खमिराची पुडी हातात घेऊन उभी राहिले. आपांना माझी कीव आली असावी. त्या स्वतःशी बोलल्यासारखं बोलू लागल्या. "आदल्या रविवारी दिवसभर बसला होता. एक पोरगी येनार म्हनत होता. तिला नहारीचं मटन चालंल का, का भाकर करू, चारदा विचारला मला. खोली झाडली. ती आली न्हाई. मंग म्हनला, आपा, पुढच्या रविवारी येतीय बघ, पोरीला येळ झाला असंल." त्या थांबल्या आणि माझ्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं बघू लागल्या. "आज रविवार हाय. तुमच्या संगं आली का ती? कुठंय पोरगी?"

रस्त्यावर कुणी नव्हतं.

"मीच ती, आपा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, आणि दार पूर्ण उघडलं.